पाहुण्याने उठू नये

कुलूप आणि किल्ली, असं पहिल्या वर्षाला शिकवतात.
मीही शिकवते. खोटं नाही, पण फारच नीटनेटकं आहे.
विकर म्हणजे लोखंड नव्हे.
ते झोपेत कूस बदलावी तसं हलतं
आणि त्याच्या पोटातली ती खोबण
दर क्षणी थोडी निराळी असते.

तिबिलिसीत डिसेंबर. हीटर चारला बंद होतो.
मालखाझ कोट घालूनच पिपेट धरतो.
पडद्यावर हिरव्या फितींचा गुंता:
हेच ते, क्षयाच्या जंतूसाठी मेण रांधणारं.
मेण मिळालं नाही तर जंतू उघडा पडतो.
एवढंच आमचं वैर,
त्याला भिंत बांधू द्यायची नाही.

आमच्याकडे म्हणतात, पाहुणा देवाने धाडलेला.
त्सिसाना आत्या निघालेल्याला तीनदा खाली बसवायची,
चौथ्यांदा तो आपणच बसायचा.
मला तसा रेणू हवाय,
आत आला की
ज्याच्यामागे दार आपसूक लोटलं जाईल.

किती घट्ट, हे सगळे विचारतात.
किती वेळ, हे मी विचारते.
दोनशे सात नंबरचा चार सेकंद टेकला.
दोनशे एकतीस अकरा मिनिटं!
मालखाझने घड्याळ कानाला लावून पाहिलं.
एका कोपऱ्यात हायड्रोजन काढून फ्लोरीन, बाकी काही नाही,
तेवढ्यावर गडी मांडी घालून बसला.
त्या रात्री आम्ही पेपरवेटने अक्रोड फोडले.

मग तो जिवंत जंतूंवर सोडला.
यांची वाढ सावकाश, तीन आठवडे वाट पाहिली.
थाळीभर वसाहती,
पिवळसर, सुरकुतलेल्या, खुशाल.
पाहुणा बैठकीपर्यंत पोचलाच नव्हता.
जी भिंत त्याने थांबवायची
तिच्याच बाहेर ताटकळत राहिला.

आमच्या गल्लीतला बादरी मिनीबस चालवायचा.
इंजेक्शनांनी फुप्फुस राखलं, कान नेले.
आता बस मुलाकडे आहे. बादरी रोज सकाळी
बोनेटवर तळहात ठेवून इंजिन ऐकतो.
शरदात खोकला परत आला,
जुन्या गोळ्यांना भीक न घालणारा.
भेटला की भुवया उंचावतो, एवढाच प्रश्न.
मी तिकिटाच्या मागे ठळक लिहिलं: अजून नाही.
त्याने पेन मागून घेतलं,
'घाई नाही' लिहिलं,
जरा थांबला,
मग 'नाही' खोडलं.

दोनशे बत्तीसला एक तेलकट शेपूट जोडलंय.
मेणातून जायचं तर थोडं मेण व्हावं लागतं,
मालखाझ म्हणतो, आणि हातांवर फुंकर घालतो.
चार वाजून गेलेत.
अख्ख्या इमारतीत ऊब फक्त त्या कपाटात,
सदतीस अंश,
जिथे आम्ही त्यांना वाढवतो.