दाराचं बटण

चार-शून्य.
वाल्दिव्हियाच्या मैदानाबाहेर बस उभी, इंजिन चालू,
वायपर काचेवर तेच ते पुसतोय.
मी ड्रायव्हर. बावीस वर्षं याच क्लबचा.
ऑफसाइड मला अजून धड कळत नाही,
पण कोण कसा चढतो यावरून
निकाल न विचारता सांगतो.

आज एकेक जण चढला कानात बोंडं खुपसून,
टोपी भुवयांवर, आणि बसल्याबसल्या पडदा ओढून.

खाली कठड्यापाशी एकोणीस माणसं.
सान लिबोरियोची. आमचीच.
अटाकामाच्या धुळीतून निघालेली,
भाड्याच्या मिनीबसमध्ये चौतीस तास गुडघे दुमडून आलेली.
आमच्या गावात छत्री विकत मिळत नाही,
कुणाला कधी लागलीच नाही.
म्हणून कुणाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी,
कुणाच्या डोक्यावर आपलाच झेंडा,
त्याचा नारिंगी रंग गळून कानांमागं उतरलेला.

झेनोबियो चोके, खाणीतून निवृत्त,
छातीत तांब्याची पूड घेऊन हिंडणारा,
ओरडला, म्हणजे खोकल्याच्या दोन उबळींमध्ये
जेवढं ओरडता येतं तेवढं:
"नुसतं बघा तरी रे इकडं!"

एक खिडकी सरकली. नऊ नंबर. इथान ओयार्सो.
"किती होतं तुझं तिकीट, म्हाताऱ्या?"
दहा हजारांची नोट चुरगळून बाहेर आली,
डबक्यात पडली.
खिडकी बंद.

हा पोरगा नऊ वर्षांचा असताना
माझ्या बसमागं अनवाणी धावायचा.
एकदा मी वेग कमी केला त्याच्यासाठी,
आणि तेव्हाच्या कर्णधारानं खिडकीतून
पायातले मोजे काढून दिले,
घामट, अंगठ्याशी भोक पडलेले.
ते नाकाला लावून नाचला होता हा रस्त्यात.

"चल, देमेत्रियो," मॅनेजर म्हणाला.
माझं बोट दाराच्या बटणावर.
तेवढ्यात मागून क्विलोद्रान आला, गोलकीपर,
हातमोजे अजून घातलेलेच,
काढायचं सुचलं नसावं.
"उघड."

उतरला. वाटलं, काही बोलेल,
टीव्हीवर बोलतात तसं, पुढच्या सामन्यात वगैरे.
हा नुसता उभा.
ओर्तेन्सिया मामानीनं तोंडाचा पट्टा सोडला:
त्याची आई, त्याची आजी, त्याच्या हातांची चाळण,
तिसऱ्या गोलच्या वेळी कुणाची वरात बघत होतास?
तो मान डोलवत ऐकत राहिला,
वाण्याची उधारी तपासावी तसा.
"तिसरा माझाच," म्हणाला. "चौथापण."

मग कुणाला शिवीच सुचेना.
ओर्तेन्सियानं थर्मासचं झाकण फिरवलं,
कोकाच्या पानांचा चहा ओतला.
"पी मेल्या. ओठ बघ कसे निळे पडलेत."

मी इंजिन बंद केलं.
मॅनेजरनं मला घड्याळ दाखवलं.
मीही त्याला माझं दाखवलं,
ते गेल्या ईस्टरपासून बंद आहे.

झेनोबियोनं नोट उचलली,
पँटीवर पुसली, कोपरे सरळ केले,
क्विलोद्रानच्या हातमोज्यात सरकवली.
"त्या पोराची पडली वाटतं. देऊन टाक."

पडली, म्हणाला. फेकली नाही म्हणाला.

इथान झोपला होता, म्हणजे डोळे मिटून होता,
म्हणून ती नोट माझ्यासमोर, काचेपाशी आली
आणि गरम हवेवर वाळत राहिली.
डिझेलला थांबलो, जेवायला थांबलो.
तो माझ्या बाजूनं उतरला, चढला,
आणि दर खेपेला तिच्याकडं न बघायला
त्याला बरीच मेहनत पडली.

कोकिंबोच्या पुढं रात्री चढ लागला.
आरशात मिनीबसचे दोन दिवे, त्यातला एक मिणमिणता,
लहान होत चालले.
मी वेग कमी केला.
का, असं कुणी विचारलं नाही.
मागं कुठंतरी पडद्याच्या कड्या सरकल्या.
मी रस्ता बघत होतो.