भरल्या गाडीचा शॉट

पोपटराव बोरस्त्यांची पिकअप
सकाळी सातला मखमलाबादहून आली,
आडगाव नाक्यावर माझ्या शटरसमोर उभी राहिली.
"रिकामी असली की शहाणी," ते म्हणाले,
"द्राक्षाचे क्रेट चढवले की फ्यूज उडवते."
आठवड्यात अकरा फ्यूज.
बाराव्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी
गुंडाळून खोचलेली.
मी ती चिमट्यानं काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.
"फ्यूज वाचला असता," म्हणालो, "गाडी जळाली असती."

मागचे दिवे उतरवले.
फ्यूजच्या जागी जुन्या हेडलाइटचा बल्ब जोडला.
ही याकूब उस्तादांची रीत:
बल्ब पेटला म्हणजे करंट चोरवाटेनं चासीला मिळतोय,
वायर हलवत जायचं,
विझला की तिथंच थांबायचं.
आमच्या धंद्यात उजेड हा आजार.

बल्ब पेटेना.

डॅशबोर्ड खोलला.
आत एकामागून एक सगळे जुने मालक.
कुणी टेप लावून काढून नेलेला,
कुणी गणपतीपुढं निळी माळ,
कुणी रिव्हर्सला आरती म्हणणारा डबा.
ज्यानं त्यानं आपली वायर आधीच्याच्या वायरीला पिळली,
वर चिकटपट्टी मारली
आणि गाडी विकून टाकली.
"काका, ही कुठं जाते?" हिरामणनं विचारलं.
"कुठंच नाही."
"आणि ही?"
"तिच्यासोबत."

दहा वाजले. मी हात पुसले.
रिकाम्या गाडीला विचारून काय सांगणार ती?
"भरा," म्हणालो.

क्रेट होते नऊच. मग माणसं चढवली:
काट्यावरचे दोघं हमाल, टायरवाला मुनाफ,
किटली न सोडता चहावाला,
शेवटी धोतर सावरत खुद्द पोपटराव.
"आता उड्या मारा."
एवढी मोठी माणसं, आधी लाजली,
मग मारू लागली.
किटलीतला चहा मुनाफच्या पायावर,
मुनाफच्या शिव्या रस्त्यापलीकडं,
आणि माझ्या हातातला बल्ब
लख्ख.

"थांबा! श्वास घ्या, पण हलू नका."

हिरामण गाडीखाली सरपटला.
त्याचे फक्त तळवे दिसत होते,
पेठच्या डोंगरातले, भेगाळलेले.
"सापडला काका. मागच्या आडव्या पट्टीच्या भोकात.
तपकिरी वायर. सोललीये."

मी त्याच्या शेजारी पाठीवर पडलो.
हौदा वजनानं दबलेला, वायर पत्र्याच्या कडेवर,
आणि तिथं नखाएवढं तांबं चमकत होतं.
मी बोटानं ती उचलली, वर कुणीतरी ओरडलं, "विझला!"
मी ऐकलं नाही.
सोललेल्या जागेपासून दोन बोटांवर एक जोड होता.
पट्टीखाली मेणाचा दोरा, सात वेढे, गाठ आत दडवलेली.
असा दोरा नाक्यावर एकच पोरगा बांधायचा.
पट्टीवरचा पांढरा रंग खरवडला,
खाली राखाडी निघाला.

मी एकोणीस वर्षांचा. राखाडी पिकअप. संध्याकाळ.
भोकातला रबरी बुश फाटलेला,
डब्यातले संपलेले,
नवा आणायला द्वारकेपर्यंत चालत जावं लागणार,
किंमत चार रुपये.
उस्ताद मालेगावला लग्नाला गेलेले.
खाली वाकून कोण बघतंय, असं वाटलं,
आणि वायर तशीच ओवली.

जोड अजून टणक होता. ओढून पाहिला.

बुश बसवला, वायरीवर स्लीव्ह चढवली,
दहाचा फ्यूज लावला.
माणसं पुन्हा नाचली, या वेळी न सांगता.
भर उन्हात मागचे दोन्ही लाल दिवे
निमूट जळत राहिले.

"किती झाले?" पोपटरावांनी पाकीट काढलं.
"चार रुपये."
ते हसले, हमाल हसले,
मुनाफ पाय चोळत हसला.
एक क्रेट माझ्या बाकावर ठेवून ते निघून गेले.
मी पुढं काही बोललो नाही.

हिरामण मात्र कापलेला तुकडा हातात धरून
दोऱ्याचे वेढे मोजत बसला होता.
"कुणी बांधलाय हो हा?" म्हणाला.
"हुशार होता."
मी त्याला द्वारकेला पाठवलं,
बुशांचं अख्खं पाकीट आणायला,
डब्यात अजून सहा असताना.