शब्दाला पैसे पडायचे तेव्हा

पायसांदूच्या तारघरात मी एकवीस वर्षं शब्द मोजले.
माणसं खिडकीशी यायची, कागद पुढे सरकवायची
आणि मी पेन्सिलीने खोडत जायचे :
'प्रिय' कशाला, 'कळविण्यास दुःख होते' कशाला,
'आई गेली' एवढं पुरे, बाई.
बाई डोळे पुसायची आणि उरलेल्या पैशांत
परतीचं तिकीट काढायची.

आता शब्द फुकट आहेत.
पहाटे सहाला येर्बाचा कडू चहा भोपळ्याच्या पेल्यात ओतते
आणि रात्रभरात साचलेलं झाडायला बसते.
आमचा गट एक्केचाळीस जणांचा.
बांदोनेऑन दुरुस्त करणारे, साल्तोपासून रोसारियोपर्यंत,
एक तर फिनलंडातला, रेइयो नावाचा;
त्याला आमची भाषा येत नाही,
तो फाटलेल्या भात्यांचे फोटो पाठवतो.
बाकी सगळा स्पॅम.
केस उगवतील. गुडघे वळतील.
अडकलेलं पार्सल सोडवा. अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.
एका सेनापतीच्या विधवेचा माझ्यावर फार विश्वास आहे.
कुणी मला 'लाडक्या नेलिदा' म्हणतं, एकाच ओळीत दोनदा,
जे ओस्वाल्दोला बेचाळीस वर्षांच्या संसारात
एकदाही जमलं नाही.

भाच्याचा मुलगा फाकुंदो, त्याने चाळणी लावून दिली.
म्हणाला, नको असलेले शब्द सांग, आजी.
मी सांगितले : तातडीचं. पैसे. शेवटची संधी. आजच.
त्या दिवसापासून शांतता.
चहा गरम असतानाच संपू लागला.
मी शेजारणीला फुशारकीनेसुद्धा सांगितलं.

ऑगस्टात, थंडी हाडांत शिरलेली असताना,
मेर्सेदेसहून वॉशिंग्टन एचेनिकेच्या लेकीचा मजकूर आला :
बाबा गेले. त्यांनी तुम्हा सगळ्यांना लिहिलं होतं.
एकाचंही उत्तर आलं नाही.

कचरा तीस दिवस राहतो. तो सव्विसावा दिवस होता.
विधवेच्या आणि गुडघ्यांच्या मधे
सापडलं :

*तातडीचं. वाद्य द्यायचंय. पैसे नकोत. शेवटची संधी. आजच कळवा.*

मी मोजले. सवय आहे.
नऊ शब्द.
एकही खोडण्याजोगा नव्हता.
तारघरात असा कागद पुढे आला असता
तर मी मान वर करून माणसाकडे पाहिलं असतं.

गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात.
इथे किडे जिवंत आहेत,
रोज दीडशे, दोनशे,
आणि रगडला गेला तो गहू.

लेकीने ते वाद्य एका हॉटेलवाल्याला दिलं.
भिंतीवर टांगणार आहे तो, दिव्याखाली.
मी सगळ्यांना कळवलं, माझी चूक म्हणून,
बरंच लांबलचक, खोडायला कुणी नव्हतं म्हणून.
कुणी लिहिलं, होतं असं. कुणी काहीच नाही लिहिलं.
रेइयोने फोटो पाठवला :
बंद भाता, पट्टा आवळलेला.

फाकुंदो रागावला, पण मी चाळणी काढून टाकली.
आता चहा निवतो. निवू दे.
सगळं वाचते, एकेक, शेवटच्या ओळीपर्यंत.
काल सेनापतीच्या विधवेचंही पूर्ण वाचलं.
तीनशे बारा शब्द,
आमच्या वेळी तिचं घर विकायला लागलं असतं.
शेवटी तिने लिहिलंय, प्रकृतीला जपा.

जपते, म्हटलं.
मग पुसलं.