वेबिलाच्या पाठीवर

जुन्या वेबिलाच्या कोऱ्या पाठीवर मी स्टेज मांडलेत.
परभणी ते मुंबई, देवगिरीचं स्लीपर.
मुंबई ते व्हिएन्ना, मधी कुठंतरी वाळवंटात सहा तास थांबा.
व्हिएन्ना, प्राग, बर्लिन,
बर्लिनहून व्हिएन्नाला परत रात्रीची बस:
एका रात्रीचं भाडं वाचलं.
बावीस वर्षं जिंतूर, पाथरी, गंगाखेड केलंय,
स्टेज पाडायला मला कुणी शिकवू नये.

एक युरो शंभराला धरलाय.
खरा भाव कमीजास्त होतो, पण गुणायला सोपं जातं.
दैवशाला म्हणली, बायकांना अर्धं तिकीट आहे का तिकडं?
नाही गं.
मग कशाचे पुढारलेले देश, म्हणली,
अन् तरी माझं नाव खोडू नको.

राहायचं हॉस्टेलात. एका खोलीत आठ बिछाने, वर-खाली,
बाप्ये-बायका एकत्र चालत असतील तर अजून स्वस्त.
मुबीन आमचे फॉर्म भरतो. त्यानं बिचकत विचारलं,
चलेगा क्या मॅडम?
अरे, मी येलदरीच्या मुक्कामी गाडीत झोपलेय.
सीटवर, पैशाची बॅग उशाला,
ड्रायव्हर टपावर, बाहेर कुत्री, आत डास,
अन् साडेपाचला कॉलेजची पोरं पत्रा बडवायलेत.
बिछान्याला पडदा असतो म्हणतोस,
मग तर लॉजच झालं की ते.

धपाटे चार दिवस टिकतील.
पुढं कडक भाकरी, येसर, गरम पाणी.
सात किलोंत एवढं बसतं, स्वेटर बसत नाही.
स्वेटर अंगात घालून चढायचं,
मे महिन्यात, मुंबईच्या घामात.

मुतारीला एक युरो.
हे वाचून आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं.
सकाळी सहाला घोटभर पाणी,
त्यानंतर पाणी प्यायचं ते ड्यूटी सुटल्यावर.
आठ-आठ तास दाबून धरलंय आम्ही,
स्टँडामागच्या त्या जागांना नाक मुरडत.
शंभर रुपये देईन मी.
दिवसातून दोनदा देईन.
दोघींचे, दहा दिवसांचे, चार हजार.
बाकी काय पण कापा, हे कापायचं नाही.

डेपोत हसायलेत.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
मग इथलं सोडून तिकडं कशाला जायलीस प्रयागबाई?
मुंजाजी ड्रायव्हर म्हणला.
म्हणलं, म्हण करणारा स्वतः गेला होता का,
तेवढं विचारून येते.

काल मुबीन एका रकान्यापाशी अडला.
प्रवासाचा उद्देश: धंदा, शिक्षण, नातेवाईक, पर्यटन.
पर्यटन डालू?
थांब, म्हणलं.
मला खिडकीशी बसायचंय.
कुणीतरी यावं, हात पुढं करावा,
त्याच्या भाषेत तिकीट म्हणावं,
अन् मी पर्समध्ये उगंच शोधत राहावं,
त्याला ताटकळत ठेवावं,
जसं मला रोज ठेवतेत.

मुबीन म्हणला, ट्राम में कंडक्टरच नहीं होता मॅडम.
आपणच तिकीट घ्यायचं, खांबावरच्या डबीत घालायचं,
टक्क वाजतं, बस.
मग घंटी कोण देतं?
कोईच नहीं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
कुलरचं पाणी टपटपत होतं.
लिही पर्यटन, म्हणलं.

घरी येऊन परत बेरीज केली.
एकेचाळीस हजार तीनशे कमी.
दिवाळीत जादा ड्यूट्या धरल्या तर निम्मे निघतील,
निम्म्यांचं दैवशाला बघते म्हणली, कसं ते नाही म्हणली.
ट्रामच्या ओळीपुढं मी अजून आकडा टाकलेला नाही.

कपाटात जुना पंच आहे, तिकिटाला भोक पाडायचा,
मशिनी आल्यापासून नुसता पडून.
दाबून बघितला. अजून वाजतो.
सात किलोंत बसतोय का, ते बघते.