प्रोग्राम

हरिपूर रस्त्याला, चिंचेखाली
बाबालाल मुजावर किल्ल्यांचा जुडगा घेऊन आधीच उभे.
म्हणाले, "मापं घ्यायला आलाय?
मागच्या दोघांनीबी घेतली.
गिरणी काय वाढली नाही."

एकतीस वर्षं घाणा बंद,
तरी आत शेंगदाण्याचा वास,
आणि पावलाला किंचित धरून ठेवणारी फरशी.
करवतीच्या दात्यांचं छप्पर.
प्रत्येक दात्यातून उत्तरेचा उजेड
मोडक्या एक्स्पेलरवर येऊन बसलेला,
पाळी संपल्याचं कुणी सांगितलंच नसावं त्याला.

मी म्हटलं, आधी प्रोग्राम ठरवायचाय.
"कुणाचा? पंगत किती?"
तसला नाही, काका. इथं पुढं काय व्हायचं,
किती माणसं, कुठल्या खोलीत, कशासाठी.
"असं होय. मला वाटलं, गिरणीचा कार्यक्रम
चौऱ्याण्णवातच झाला."

मालकांच्या नातवाला मंगल कार्यालय हवंय,
दोनशे गाड्यांच्या पार्किंगसकट.
महापालिकेला अभ्यासिका; स्पर्धा परीक्षेची पोरं, वर सोलर.
आमच्या सरांना, पुण्याहून, फोनवर: म्युझियम.
तेलाचा इतिहास, तिकीट, कॉफी.
तिन्ही बसतात. वहीत काढून पाहिलं.
हेच तर वाईट आहे,
चांगल्या छपराखाली काहीही बसतं.

भिंतीवर दोन रेघा.
पाच सालची, खिळ्यानं कोरलेली.
तिच्यावर अडीच हात, एकोणीसची, डांबराची.
तेव्हा इथं काय होतं?
"तेव्हा होय?"
त्यांनी माळ्याकडं बोट केलं,
पोती चढवायच्या दगडी उताराकडं.
"सतरा म्हशी. गवळ्यांची तीन घरं.
आणि वरातीचा एक घोडा, पांढरा.
सहा दिवस त्यानं खाली बघितलं नाही."

टेप लावला. उतार एकास आठ,
रुंदी सव्वानऊ फूट.
आमच्या प्रमाणांच्या पुस्तकात व्हीलचेअर वळते,
ट्रक वळतो, पियानोसुद्धा वळतो.
म्हशीचं पान नाही.
बाबालालनी हात पसरले, कोपरात वाकवून शिंगं केली,
आणि वरच्या वळणावर सावकाश फिरून दाखवलं.
कोपर भिंतीला लागलं. थांबले.
"इथं अडायच्या. हातभर वाढवा."

संध्याकाळी नातवाचा फोन: काय ठरलं?
म्हटलं, वळण ठरलंय.
आणि बाकीचं?
बाकीचं
ऑगस्ट सोडून काहीही.