रकाना क्रमांक अकरा

'आपले शैक्षणिक तत्त्वज्ञान. शब्दमर्यादा दोनशे.'
फॉर्म डायनिंग टेबलावर, त्यावर चष्मा,
चष्म्यावर बडोद्याची दुपार.
वाघोडिया रोडच्या नव्या शाळेला हवी आहे
आंतरराष्ट्रीय अनुभवाची बाई.
वय चालेल म्हणाले.

पहिले दहा भराभर भरले.
टिपणीस, कुमुदिनी माधव.
बालवाडी, दांडिया बाजार, चार वर्षं.
मग मस्कत अकरा, नैरोबी सहा,
तांपेरे, फिनलंड, नऊ.
एकेका ओळीत एकेक देश मावतो,
पेन उचलायच्या आत संपतो.

अकराव्यापाशी थांबले.

काय लिहू?
मस्कतला यूसुफ रोज खजुराची एक बी आणायचा
आणि वाळूच्या पेटीत पुरायचा.
मी विचारायचे, काय करतोयस? का? कधी उगवेल?
विचारणं म्हणजेच शिकवणं, असं तेव्हा वाटायचं.
तो उठून जायचा.
दुसऱ्या वर्षी नुसती शेजारी मांडी घालून बसू लागले.
मार्चमध्ये केव्हातरी त्यानं एक बी
माझ्या तळहातावर ठेवली.
ओली होती. तोंडातून नुकती काढलेली.
हे दोनशेत बसेल,
पण वाचून कुणी नोकरी देणार नाही.

किंवा तांपेरे. उणे बारा.
एका मुलीला एक हातमोजा घालायला
अठरा मिनिटं लागली.
आम्ही तीन मोठ्या बायका दारात उभ्या,
हात पाठीमागे बांधून,
बाहेर बर्फ आणि बाकीची पोरं वाट बघतायत.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
अगं, याचा पगार देतात तुला?
देतात, आई. हात मागे ठेवण्याचाच देतात.

हे वाक्य बरं आहे. हेच लिहावं,
म्हणून पेन टेकवलं, तेवढ्यात बेल वाजली.
गीझरवाला.

दारावरची पाटी वाचून तो चप्पल काढायचाच विसरला.
"टिपणीसबेन? ओळख्यो?
दांडिया बाजारची बालवाडी. मी केयूर."

बाथरूमच्या दारात स्टुलावर बसून मी बघत होते.
पान्हा डाव्या हातात.
स्क्रू डाव्या हातानं काढतो, डाव्यानंच झेलतो,
अंधारात, न बघता, पाण्यातल्या माशासारखा
तो हात फिरत होता.
मग पावतीबुक काढलं
आणि पेन उजव्या हातात घेतलं.
जीभ दातांत धरून,
एकेक अक्षर ढकलत चढावर न्यावं तसा
लिहीत गेला: चारशे पन्नास रोकडा.
"अक्षर तुम्हीच शिकवलंत, बेन,"
म्हणाला. अभिमानानं.

हो, मीच.
त्याच्या डाव्या मुठीतली पेन्सिल काढून
उजव्या मुठीत द्यायचे.
रागावून नाही. प्रेमानं, गालावर हात फिरवत,
रोज, दिवसातून किती वेळा कोण जाणे.
डाव्या हातानं प्रसाद घेतो म्हणून आजी बोलतात,
अशी त्याच्या आईची तक्रार होती.
तो कधी रडला नाही.
दिवाळीनंतर चित्रं काढायची मात्र बंद झाली,
आणि माझ्या वहीत मी लिहिलं होतं:
प्रगती समाधानकारक.

निघताना म्हणाला, "मुलगा साडेतीन वर्षांचा झाला.
तोही डाबोडीच निघाला, माझ्यासारखा.
तुम्ही परत शिकवणार असाल तर तुमच्याकडेच घालतो.
सुधरी जशे."

जिन्यावर त्याची हत्यारांची पिशवी
खालच्या मजल्यापर्यंत वाजत गेली.
नाही रे, एवढंसुद्धा
मला वेळेवर सुचलं नाही.

गीझर आता गुरगुरतोय. फॉर्म तिथेच आहे.
पावती त्याच्या कोपऱ्यावर ठेवली
आणि पेन डाव्या हातात घेऊन बघितलं.
बोटांना काही म्हणजे काही कळेना.
'के' ची मात्रा रेषा ओलांडून गेली,
'यू' पोटावर पडला,
'र' लिहीपर्यंत मान आखडली.

दोनशे शब्दांची जागा होती.
एका नावात संपली.