मागे चालणारं पोर

फोलारिन, तुझं मशीन होतं तिथे
फरशीवर अजून चार गंजके ठिपके आहेत.
लिंबू लावून घासले, जात नाहीत.
त्यांच्यावर मी टेबल ओढलंय
आणि टेबलावर तुझाच लॅपटॉप,
ज्याचं एक बटण तू त्या रात्री मुठीने उडवलंस,
येन पडत राहिला नि तू म्हणत राहिलास
आता वळेल, आता वळेल.

दिवसभर मी इबादानच्या बायकांची मापं घेते.
छातीचं माप घेताना फितीच्या आत दोन बोटं ठेवते :
लग्नात जेवायचं असतं, नाचायचं असतं.
तेवढी ढिलाई असली की शिवण उसवत नाही.
रात्री येन देऊन डॉलर घेते
आणि त्याच्या चाळीस पॉइंट मागे
एक पोर चालायला लावते.

त्याला एवढंच शिकवलंय :
आई पुढे गेली की तेवढंच अंतर राखून पुढे जा.
आई थांबली की थांब.
आई मागे वळली, तर तू मागे सरकायचं नाहीस,
भर बाजारात आहेस तिथे उभं राहायचं.
ती येऊन तुझ्यावर आदळली
की दोघांनी घरी यायचं,
पिशवीत असेल नसेल ते घेऊन.

चाळीसच का, तू विचारलं असतंस.
वीस ठेवून पाहिले :
कुणी नुसतं शिंकलं तरी टक्कर,
एका आठवड्यात सात वेळा रिकाम्या हाती घरी.
शंभर ठेवले तर पोर गर्दीत दिसेनासं होतं.
चाळीस म्हणजे दोन बोटं.

काल डॉलर चढला.
पोर मागे, एक पायरी, अजून एक,
मी घेतलेल्या भावाच्या वर आलं,
बारा पॉइंट वर.
तेव्हा कुठे मी पाणी प्यायले.

एक चाळीसला वीज गेली.
शेजारी ओगुनबियींचा जनरेटर खोकून सुरू झाला.
माझ्या डब्यात पेट्रोलचा फक्त वास.
लॅपटॉपची बॅटरी नऊ मिनिटं म्हणाली आणि चारच जगली.
फोन त्याच्याच वायरीवर होता, तोही गेला.

मग अंधारात आठवलं, जे माहीत असून विसरले होते :
भाव दूर कुठल्याशा शहरातल्या गार खोलीत धावतो,
थांबायची शेवटची जागाही तिथे लिहिलेली राहते,
पण मागे चालणारं पोर
राहतं या लॅपटॉपात.
तो झोपला की तेही झोपतं,
उभ्या उभ्या, पायरीवरच.
आई जातच राहते,
मागे कोण आहे न बघता.

पहाटे पाचला गल्लीतली मुलं ओरडली, अप नेपा!
मी आधी पंखा बंद केला, का कोण जाणे,
मग लॅपटॉप लावला.
डॉलर अजून नव्वद पॉइंट चढला होता
आणि तीनच्या सुमारास सगळ्या पायऱ्या उतरत
थेट त्या झोपलेल्या पोराच्या अंगावर.
बारा पॉइंट. व्यवहार बंद.
जागं असतं तर एकशेदोनवर उभं असतं.

मी पोराला रागावले नाही.
ते सांगितल्या जागी उभं होतं.
तू त्या रात्री तुझ्या पोराचा हात धरून
त्याला मागे मागे ओढत नेलंस,
अजून थोडं, अजून थोडं,
बाजाराच्या बाहेर, ओगुनपा नदीच्या चिखलापर्यंत,
आणि तिथे मशीन गेलं,
मग तूही लागोसला.

बारा पॉइंटांत एक डबा पेट्रोल आलं
आणि पांढऱ्या लेसचा वारभर तुकडा.
आज डबा भरलेला आहे
म्हणून वीज गेलेली नाही.

तुझा फोन बंद लागतो. रोज एकदाच लावते,
दुपारी, मापं घ्यायच्या आधी.
बटणाच्या जागी मी एक शर्टाचं बटण चिकटवलंय,
निळं, चार भोकांचं.
दाबलं जातं, पण जरा जोर लागतो.